कीड गेल्यानंतर भाजीच्या झाडांची निगा

भाजीपाल्यावर पडणाऱ्या किडींचा नाश कसा करावा यासंबंधानें पुष्कळ लिहिलें जातें, आणि औषधांची माहिती आतां खेडोपाडींच्या दुकानांतहि मिळते. परंतु कीड मेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या झाडाचें काय करावें, याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. वास्तविक शेतकऱ्याचें नुकसान पुष्कळदां या दुसऱ्याच टप्प्यांत होतें. औषधाचा खर्च होऊन चुकलेला असतो, कीड गेलेली असते, झाडांत उठण्याची शक्तीहि शिल्लक असते. आणि तरीहि पुढील पंधरा दिवसांत उतावळेपणानें भलते उपचार होऊन तीं झाडें बसतात, किंवा उठल्यासारखीं होऊन नव्या किडीच्या तोंडीं पडतात. मिरची, वांगीं, भेंडी, कोबी हीं पिकें म्हणजे बागाईतदाराच्या घरांतील आठवड्याच्या बाजाराचा पैसा होय. उसाचा पैसा वर्षाकांठीं येतो. मीठमिरचीचा, मुलांच्या वह्यापुस्तकांचा व मजुरांच्या चुकाऱ्याचा खर्च या दहापांच गुंठ्यांवर भागतो. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करणें अगत्याचें आहे.

झाड उठतें तें कशाच्या बळावर ?

पान म्हणजे झाडाची चूल होय. मुळांनीं आणलेलें पाणी व हवेंतील कर्बवायु यांपासून सूर्यप्रकाशाच्या साह्यानें पान साखर तयार करतें, आणि तीवर खोड, मुळें, फुलें व फळें पोसलीं जातात. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी हे रस शोषणारे किडे ही चूल मंद करतात. पानें खाणाऱ्या अळ्या ती चूलच मोडून टाकतात. दोन्ही प्रकारांत झाडाची मिळकत घटते, पण झाड लागलींच मरत नाहीं. कारण त्याच्या खोडांत व मुळांत अन्नाचा थोडा सांठा असतो, आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यांत एक डोळा झोंपलेला असतो. शेंडा जोमांत असेपर्यंत हे डोळे दबून राहतात. शेंडा खुडला गेला म्हणजे ते सांठ्यांतील अन्नावर फुटूं लागतात.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. पहिली ही कीं, नवी फूट झाड आपल्या शिलकेंतून काढतें. ती फूट किडीनें खाल्ली तर दुसऱ्या फुटीसाठीं फारशी शिल्लक उरत नाहीं. तेव्हां कीड गेल्यानंतरची पहिली फूट राखणें हेंच या सर्व खटाटोपाचें मर्म आहे. दुसरी गोष्ट ही कीं, मुळांनीं ओढलेल्या पाण्याचा फार मोठा भाग पानांवाटे वाफ होऊन उडून जातो. पानें कमी झालीं म्हणजे पाण्याची ओढहि कमी होते. ही दुसरी गोष्ट लक्षांत न घेतल्यामुळें काय होतें तें पुढें सांगितलें आहे.

जुन्या पानावरून निकाल करूं नये

पुष्कळांचा असा समज असतो कीं, औषध लागू पडलें म्हणजे चुरडलेलें पान सरळ व्हावें आणि पिवळें पान हिरवें व्हावें. तसें सहसा होत नाहीं. माणसाची जखम भरून येते. पानाची येत नाहीं. एकदां वेडेंवांकडें वाढलेलें पान गळून पडेपर्यंत वेडेंवांकडेंच राहतें. पण तें तसें दिसतें म्हणून शेतकरी औषधाला गुण नाहीं असें समजतो, आणि दुसरें औषध आणून फवारतो, मग तिसरें फवारतो. कीड केव्हांच मेलेली असते. ह्या जादा फवारण्यांनीं मरतात ते किडी खाणारे आपले सोबती किडे, आणि जातो तो गांठचा पैसा.

म्हणून नजर जुन्या पानावर न ठेवतां शेंड्यावर ठेवावी. फवारणीनंतर जें पान नव्यानें उलगडलें, तें सपाट, रुंद व चकचकीत आहे कीं नाहीं एवढेंच पहावें. तसें असल्यास कीड आटोक्यांत आली असें समजावें. जुन्या पानांची खालची बाजू मात्र भिंगानें तपासावी. पांढऱ्या माशीचीं पिलें व अंडीं पानाखालीं चिकटून असतात, आणि अंड्यांवर पुष्कळ औषधांचा परिणाम होत नाहीं. त्यामुळें आठवड्यानें पुन्हां एकदां पाहणी केल्याशिवाय कीड गेली असा शेरा मारूं नये.

आधीं पाहणी, मग तगाई

प्रस्तुत लेखकाचा जन्म महसूल खात्यांत पीकपाहणीचे व पैसेवारीचे कागद लिहिण्यांत गेला. तेथील एक शिस्त मळ्यांतहि उपयोगी पडते. ती ही कीं, नुकसान किती तें प्रत्यक्ष मोजल्यावांचून मदतीचा हुकूम काढावयाचा नाहीं. वाफ्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपें चालत जावें, वाटेंत पंचवीस झाडें पहावीं, आणि प्रत्येक झाड पुढील तीन वर्गांपैकीं कोणत्या वर्गांत पडतें तें वहींत मांडावें.

पहिला वर्ग उठणाऱ्या झाडांचा. खोड हिरवें व कठीण आहे, नखानें साल किंचित् खरवडली असतां आंत ओलसर हिरवेपणा दिसतो, आणि बेचक्यांत डोळे फुगलेले आहेत, अशीं झाडें पानें गेलीं तरी उठतात. कोबीचीं बाहेरचीं पानें चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीनें चाळणीसारखीं केलीं असलीं, पण मधला गाभा शाबूत असला, तर तो गड्डा पुढें धरतो.

दुसरा वर्ग न उठणाऱ्या झाडांचा. कोबीचा गाभाच खाल्ला गेला असेल तर त्यास एक चांगला गड्डा न धरतां बाजूस तीनचार लहान निकामी गड्डे फुटतात. वांग्याचें मुख्य खोड बुडाजवळ पोखरलें असेल तर तेंहि उठत नाहीं. पण या वर्गांतील सर्वांत घातक झाडें म्हणजे विषाणुरोग झालेलीं होत. भेंडीचा केवडा, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग, हा त्यांपैकींच. याची पहिली नोंद १९२४ सालीं मुंबई इलाख्यांत झाली, आणि पांढरी माशी त्याचा प्रसार करते. वांग्याचा पर्णगुच्छ, ज्यांत पानें बारीक होऊन झुबका बनतो व फळ धरत नाहीं, हा विषाणूंचा नसला तरी तितकाच असाध्य असून तो तुडतुड्यांमार्फत पसरतो. माशी अगर तुडतुडे मारले तरी झाडाच्या रसांत शिरलेला रोग जात नाहीं. अशा झाडास खतपाणी घालणें म्हणजे शेजारच्या निरोगी झाडांसाठीं रोगाचें कोठार भरून ठेवणें होय. अशीं झाडें सकाळच्या वेळीं, माशा मंद असतांना, मुळासकट उपटून खड्ड्यांत पुरावीं. जीव हळहळतो, पण येथें दया करणें परवडत नाहीं.

तिसरा वर्ग संशयिताचा, आणि मिरचीचीं झाडें बहुधा यांत पडतात. आपण ज्यास बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणतों, तीं एकाच नांवाखालीं तीन निरनिराळीं दुखणीं आहेत. फुलकिड्यांनीं पानें वरच्या बाजूस वळून द्रोणासारखीं होतात. कोळ्यांनीं तीं खालच्या बाजूस वळतात, पालथ्या होडीसारखीं दिसतात व देंठ लांबतात. विषाणूंमुळें पानें लहान, जाड व सुरकुतलेलीं होऊन शेंड्यास गुच्छ बनतो. तिन्ही एकत्रहि असूं शकतात. अशा वेळीं किडीचा बंदोबस्त करून दहाबारा दिवस थांबावें. नवें पान सरळ आलें तर दुखणें किडीचें होतें, झाड ठेवावें. किडा एकहि नसतांना नवें पान चुरडलेलेंच आलें, तर तो विषाणु समजून झाड उपटावें.

पंचविसांत निम्म्याहून अधिक झाडें दुसऱ्या वर्गांत पडलीं, तर माझ्या मतें तो वाफा राखण्यापेक्षां मोडून दुसरें पीक घेणें हितावह ठरतें. तसेंच पिकाचें वयहि पहावें. भेंडीचे बहुतेक तोडे होऊन गेले असतील तर तिला उठविण्यांत अर्थ नाहीं.

छाटणी बेतानें करावी

कीड पडलेलें पान दिसलें कीं खुडावें, ही संवय चांगली नव्हे. अर्धें खाल्लेलें पानहि उरलेल्या अर्ध्या भागानें काम करीत असतें. मोडकी कां होईना, ती चूल पेटती आहे. जीं पानें पूर्ण पिवळीं किंवा वाळकीं झालीं आहेत, किंवा ज्यांच्या खालीं अंडीं व पिलें दाटलीं आहेत, तेवढींच काढावीं, आणि एका वेळीं एकतृतीयांशाहून अधिक हिरवें पान काढूं नये. माव्याच्या चिकट्यावर काळी बुरशी धरली असल्यास पान खुडण्याऐवजीं स्वच्छ पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यानें तें खालून व वरून धुवून काढावें. काजळी निघाल्यावर उन्हाचा प्रकाश पानास पुन्हां मिळूं लागतो. हें काम सकाळीं करावें, म्हणजे पानें दिवसां सुकतात.

वांग्याचे शेंडे पोखरणाऱ्या अळीची गोष्ट वेगळी आहे. मलूल होऊन खालीं वांकलेल्या शेंड्यांत अळी जिवंत असते. असा शेंडा कोमेजलेल्या भागाच्या खालीं दोन बोटें अंतरावर कापून पिशवींत जमा करावा व जाळावा अगर खोल पुरावा. बांधावर टाकलेल्या शेंड्यांतून अळी बाहेर येऊन पाचोळ्यांत कोष करते व पतंग होऊन परत येते. ह्या कापण्यापासून दुहेरी लाभ होतो: अळी जाते, आणि शेंडा गेल्यामुळें खालचे डोळे फुटतात.

झाडावरील किडकीं फळें तर काढावींच, पण झाड फार खंगलें असल्यास चांगलीं धरलेलीं लहान फळें व फुलेंहि एकदां उतरवावीं. हें सांगणें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु फळ हें झाडाचें सर्वांत खादाड मूल आहे. तें असेपर्यंत शिलकेंतील अन्न पानाच्या वांट्यास पुरेसें येत नाहीं. चार किलो फळांचा मोह सोडला तर पुढचे तोडे हातीं लागतात.

पाणी व खत : येथेंच घाई नडते

झाड मलूल दिसलें कीं पाणी द्यावें, ही आपली रीतच आहे. पण पानें गेलेलें झाड पूर्वीइतकें पाणी ओढीत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. पूर्वीच्याच पाळ्या चालूं ठेवल्या तर वाफा सतत ओला राहतो, मुळांस हवा मिळत नाहीं, आणि काळ्या जमिनींत विशेषतः मूळकूज व मर लागते. मग किडीनें न मेलेलें झाड पाण्यानें मरतें. म्हणून बोटाच्या दोन पेरांइतकी माती उकरून पहावी. ती सुकी लागली तरच पाणी द्यावें, आणि तेंहि हलकें. वाफ्यावर उसाचें पाचट किंवा वाळलेलें गवत पातळ पसरावें, पण खोडाला चिकटूं देऊं नये. पाचट पसरण्यापूर्वीं एक हलकी खुरपणी करावी. फुलकिड्यांची कोषावस्था मातींत जाते, ती खुरपणीनें उघडी पडते. खोल खणून मुळें मात्र तोडूं नयेत.

खताची गोष्ट पाण्याहूनहि नाजूक आहे. तापांतून उठलेल्या माणसास आपण पहिल्या दिवशीं पुरणपोळी वाढीत नाहीं, पेज देतों. झाडाचेंहि तसेंच आहे. कीड जातांच युरियाची मूठ टाकली तर दोन प्रकारें अपाय होतो. पानें नसल्यामुळें झाडास तें सर्व घेतां येत नाहीं, तें वाया जातें. आणि जी फूट येते ती मऊ, लुसलुशीत व रसाळ येते. मावा, तुडतुडे व पांढरी माशी यांस अशीच फूट आवडते, हें प्रत्येक बागाईतदारानें पाहिलेलें आहे. शिलकेंतून काढलेली पहिली फूट अशा रीतीनें आपणच किडींच्या पानांत वाढतों.

सबब नवी फूट बोटाच्या पेराएवढी दिसेपर्यंत रासायनिक खत देऊं नये. तोंपर्यंत दर झाडास ओंजळभर चांगलें कुजलेलें शेणखत किंवा गांडूळखत बुडापासून वीतभर दूर मातींत मिसळावें, तेवढें पुरे. फूट दिसल्यावर दहा लिटर पाण्यांत ५० ग्रॅम युरिया विरघळवून संध्याकाळच्या वेळीं पानांवर एक हलकी फवारणी करावी, आणि दहा दिवसांनीं जरूर वाटल्यास दुसरी. जमिनींतून नत्र द्यावयाचें तें नेहमींच्या हप्त्याच्या निम्म्यानें आणि पालाशाच्या जोडीनें द्यावें. पालाशाची उणीव असल्यास पेशी कमकुवत राहतात.

नव्या फुटीची राखण

फूट येऊं लागली म्हणजे राखणदारी सुरू होते. याकामीं निंबोळीचा अर्क फार उपयोगी आहे. निंबोळ्यांतील किडींस विटाळणारें द्रव्य १९६८ सालीं शास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें. पण त्याच्याहि आधीं, १९६२ सालीं, दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत निंबोळीच्या गराचें पाणी पिकावर फवारून टोळांपासून संरक्षण होतें असें दाखविण्यांत आलें होतें. अर्ध्या किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भुकटी लिटर-दीड लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालावी, सकाळीं फडक्यानें पिळून गाळावी, त्यांत २० ग्रॅम साबण विरघळवून मिसळावा, आणि एकूण दहा लिटर पाणी करावें. ऊन लागल्यानें हा अर्क लवकर निकामी होतो, म्हणून त्याच दिवशीं संध्याकाळीं, पानांच्या खालच्या बाजूस पोंचेल असा फवारावा, व आठ-दहा दिवसांच्या अंतरानें दोनतीन वेळां करावा. यानें कीड ताबडतोब मरून पडत नाहीं. तिची खाण्याची इच्छा व वाढ मंदावते. राखणीस तेंच हवें असतें.

कोळ्यांचा उपद्रव असल्यास पाण्यांत मिसळणारें गंधक चालतें; परंतु कडक उन्हांत तें फवारल्यास पानें करपतात, आणि तेलयुक्त फवारणीनंतर दोन आठवडे तें वापरूं नये. तीव्र पायरेथ्रॉइड औषधें या काळांत शक्य तों टाळावीं. त्यांनीं कोळी खाणारे मित्रकिडे मरतात व कोळी उलट वाढतात. रासायनिक औषध घ्यावेंच लागलें तर डब्यावर आपल्या पिकाचें नांव आहे कीं नाहीं, आणि फवारणीनंतर किती दिवस भाजी तोडूं नये, हें वाचल्याशिवाय झांकण उघडूं नये. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालींच मनाई झाली, व एंडोसल्फानवर २०११ सालीं बंदी आली. माळ्यावर असा जुना डबा पडून असेल तर तो भाजीच्या वाफ्यांत आणूं नये. त्या भाजीचा पहिला घास आपल्याच पोरांच्या तोंडीं जातो.

मित्रकिडे ओळखणें हाहि राखणीचाच भाग आहे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सर्वांस ठाऊक आहे. पण त्याची अळी लहानशा सुसरीसारखी, काळसर व नारिंगी ठिपक्यांची असते, आणि तिला कीड समजून पुष्कळ लोक चिरडतात. ती मावा खाते. याच्या उलट, मुंग्यांची रांग खोडावर चढतांना दिसली तर वर मावा आहे असें समजावें. गोड चिकट्याच्या लोभानें मुंग्या माव्याची राखण करतात व त्याच्या शत्रूंस हुसकावतात.

वांग्याचा खोडवा

संपूर्ण पीकच जुनें व किडकें झालें, पण मुळें निरोगी आहेत, अशा वांग्याच्या वाफ्यास एक शेवटचा उपाय आहे. झाडें जमिनीपासून सुमारें फूटभर ठेवून तिरपा काप देऊन छाटावीं, कापावर बोर्डो पेस्ट लावावी, सर्व छाट व पाचोळा वाफ्याबाहेर नेऊन नष्ट करावा. पंधरा दिवसांच्या सुमारास फूट येते. त्यांतून तीनचार जोमदार फांद्या ठेवून बाकीच्या खुडाव्या. सुमारें दोन महिन्यांनीं पुन्हां तोडा सुरू होतो. नवें रोप लावून तितक्या अवधींत फळ मिळत नाहीं. मात्र पर्णगुच्छ अगर मर लागलेल्या वाफ्यांत हा प्रयोग करूं नये. तेथें रोगाचाच खोडवा येईल.

शेवटीं एक सूचना. पाहणीच्या दिवशींच दहा झाडांस लाल चिंधी बांधावी, आणि दर चौथ्या दिवशीं त्या दहा झाडांवरील नव्या निरोगी पानांची संख्या वहींत तारखेसह लिहावी. संख्या वाढत असेल तर शेजारी कांहींहि सांगोत, दुसरें औषध आणूं नये. पंधरा दिवसांत दहांपैकीं सहासात झाडें फुटलीं नाहींत, तर आणखी वाट न पाहतां वाफा मोडावा व जमीन रिकामी करावी. अंदाजानें चालणारा मनुष्य कधीं आशेनें खर्च करतो, कधीं निराशेनें उभें पीक उपटतो. वहींतील दहा आंकडे त्यास दोहोंपासून वांचवितात.